प्रोसेसर बदलल्यावर लॅपटॉप बरोबर अर्ध्या तासाने बंद पडतोय? उन्हाला शिव्या देऊ नका

भुसावळात मे महिन्यात कुठलंही मशीन बंद पडलं की कारण शोधत बसायची गरजच नसते. पारा ४५ च्या वर, पंखा गरम वारा फेकतोय, टाकीचं पाणी सकाळी नऊलाच चटका देतंय, मग लॅपटॉप बंद पडला तर त्यात नवल काय. मी पण तेच धरून बसलो आणि त्यापायी दीड-दोन महिने घालवले आणि तीन हजाराच्या वर पैसे घालवले ते वेगळेच. नंतर ओळखीच्या अजून दोघांना हाच प्रॉब्लेम आला, अगदी सेम टू सेम, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

माझं काम फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाईन करायचं. लॅपटॉप २०१३ चा, साडेपंधरा इंची, त्यात पेंटियम २०२०एम प्रोसेसर. (हा २०२० मॉडेल नंबर आहे, साल नाही, पण दुकानात येणारा प्रत्येक जण "म्हणजे २०२० चाच आहे ना, मग नवाच आहे की" म्हणतो.) दोन कोर, दोनच थ्रेड (म्हणजे एका वेळी दोनच कामं हाताळणार), २.४ गिगाहर्ट्झ, ४ जीबी रॅम. पत्रिकेला एवढं पुरतं हो. पण आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी वाढदिवसाचे, सत्काराचे फ्लेक्स सुरू होतात, दहा बाय वीसचा बोर्ड, मधोमध दादांचा कमरेपर्यंतचा फोटो आणि खाली तीस-पस्तीस शुभेच्छुक, त्यातला प्रत्येक जण मोबाईलवर काढलेला फोटो पाठवणार आणि म्हणणार माझा जरा मोठा घ्या. कोरल ड्रॉमध्ये ती फाईल झूम केली की चित्र तुकड्यातुकड्यांनी उगवायचं. एक शुभेच्छुक इकडचा तिकडे सरकवला की मी चहाचा घोट घ्यायचो, मग तो सरकायचा.

नवा लॅपटॉप घ्यायचं बजेट नव्हतं. वाचनात आलं की त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असतो, डेस्कटॉपसारखा काढून दुसरा टाकता येतो. हे खरं आहे. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे, म्हणजे २०११ आणि २०१२ साली आलेले जे एम किंवा क्यूएम शेपटीचे प्रोसेसर आहेत ते बहुतेक जी२ सॉकेटचे, त्यालाच आरपीजीए ९८८बी म्हणतात. चौथ्या पिढीचे एमवाले जी३ सॉकेटचे, ते यात बसत नाहीत. पहिल्या पिढीचे ९८८ए चे, नावात फरक एका अक्षराचा पण तेही नाही बसत. आणि नावाच्या शेवटी यू असेल, उदाहरणार्थ आय५-४२००यू, तर विषयच संपला, तो बोर्डवर सोल्डर केलेला असतो. पाचव्या पिढीपासून पुढे तर इंटेलच्या सगळ्याच लॅपटॉप प्रोसेसरचं असं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या लॅपटॉपवाल्यांनी प्रोसेसर बदलायचा विचार सोडून द्यावा.

मी निवडला आय५-३२१०एम. तिसरी पिढी, जी२ सॉकेट, ३५ वॅट. माझा पेंटियम पण तिसऱ्या पिढीचा, ३५ वॅटचाच, म्हणजे हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) आणि अडॅप्टरवर जास्तीचा ताण नाही. कोर दोनच पण थ्रेड चार, टर्बोला, म्हणजे लोड आला की आपोआप स्पीड वाढवून, ३.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. आणि माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे ग्राफिक्स. या पिढीत इंटेलचं ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच असतं, म्हणजे प्रोसेसर बदलला की ग्राफिक्स आपोआप बदलतं. पेंटियममध्ये साधं एचडी ग्राफिक्स, सहा युनिटचं, आणि आय५ मध्ये एचडी ४०००, सोळा युनिटचं. एका दगडात दोन पक्षी असं वाटलं. सॉकेट जुळलं, पिढी जुळली, वॅट जुळले. जुना काढलेला आय५ ऑनलाईन १६०० ला मिळाला, विकणाऱ्याने व्यवस्थित फोममध्ये पिना खोचून पाठवला, त्याची काही चूक नाही.

बसवायचं काम वाटतं तेवढं अवघड नाही पण घाई करायची नाही. बॅटरी काढली, अडॅप्टर काढला, पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं. हीटसिंकच्या स्क्रूजवळ १, २, ३, ४ असे आकडे असतात, काढताना उलट्या क्रमाने थोडे थोडे ढिले करायचे, लावताना सुलट्या क्रमाने. सॉकेटच्या कडेला चपट्या स्क्रू ड्रायव्हरने फिरणारा एक स्क्रू असतो, त्याच्या बाजूला उघड्या आणि बंद कुलपाचं बारीक चित्र. अर्धा फेरा फिरवला की प्रोसेसर सुटतो. नवीन ठेवताना कोपऱ्यातला त्रिकोण जुळवायचा, आपल्या वजनाने तो अलगद खाली बसला पाहिजे, बोटाने दाबायची वेळ आली तर समजा एखादी पिन वाकडी आहे. माझी एक होती. पेन्सिलीतली शिसं टाकतो ना ती ०.५ ची क्लच पेन्सिल, तिच्या रिकाम्या नळीत पिन घालून सरळ केली, घाम डोळ्यात उतरत होता आणि पंखा मुद्दाम बंद ठेवलेला, कारण स्क्रू उडतात. अजून एक, लॅपटॉपच्या प्रोसेसरला डेस्कटॉपसारखं वरून धातूचं झाकण नसतं, मधला चकचकीत काचेसारखा तुकडा उघडाच असतो, हीटसिंक तिरपा टेकवला तर त्याचा कोपरा उडू शकतो. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी, बस.

चालू केलं, पहिल्या फटक्यात विंडोज आलं, सिस्टीममध्ये कोअर आय५ लिहिलेलं दिसलं. जुनी दहा बाय वीसची फाईल उघडली, झूम केली, सरकन झूम झाली. बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली मला काही फरक दिसत नाही, पण ठीक आहे. आणि मी एका फ्लेक्सचं मांडून बसलो, बराचसा झाला, आणि खट. स्क्रीन काळी. एरर नाही, निळी स्क्रीन नाही, 'शटिंग डाऊन' नाही, जसा कुणी प्लग ओढावा तसा बंद. फाईल सेव्ह केलेली नव्हती हे सांगायलाच नको.

परत चालू केला, चालू झाला. काम केलं. परत बंद.

शेजारी मोटर रिवाइंडिंगवाला आहे, मूळचा अमळनेरकडचा, त्याने दुकानातूनच निदान केलं, "उन्हामुये बंद पडस भो, दुसरं काय!" मला पण पटलं. लॅपटॉप उघडला तर पुरावाच सापडला. आमच्या मागच्या बाजूला कापसाचं गोदाम आहे, हिवाळाभर गाड्या भरतात आणि बारीक रुई उडत राहते. पंखा आणि हीटसिंकच्या जाळीच्या मध्ये त्या रुईचा आणि धुळीचा मिळून एक जाड थर जमलेला, चिमट्याने एका कोपऱ्याला धरून ओढला तर गोधडीच्या ठिगळासारखा अख्खा निघून आला, करड्या रंगाचा, जाळीच्या रेषा उमटलेला. प्रोसेसर बदलताना मी हीटसिंक काढला होता पण पंखा सोडवून त्याच्या मागे बघितलंच नव्हतं. तो साफ केला, जळगावला गोलाणी मार्केटला गेलो तेव्हा चांगल्यातली थर्मल पेस्ट आणली २५० ची, परत लावली. कामाच्या लोडवर टेंपरेचर आधी ९४ डिग्री होतं ते ७६ वर आलं. म्हटलं सुटला प्रश्न.

कसला सुटतो. परत बंद. ७६ वर असताना बंद.

आता इथे मी थांबून विचार करायला पाहिजे होता, कारण गरम होऊन बंद पडणाऱ्या मशीनची एक तऱ्हा असते. आधी पंखा बोंबलतो, मग मशीन स्वतःहून स्पीड कमी करतं, माऊस अडकत अडकत चालतो, आणि टेंपरेचर शंभराच्या आसपास जाऊन तरी भागलं नाही तर शेवटी जीव वाचवायला बंद होतं. आणि कधी पाच मिनिटात पडेल, कधी दोन तास चालेल, कामावर अवलंबून. माझ्या मशीनचं तसं काहीच नव्हतं. पण डोक्यात ऊन बसलेलं. लॅपटॉपखाली दोन पुस्तकं घातली, मग कूलरच्या समोर ठेवला (हे करू नका, पाण्याच्या कूलरची ओली हवा आणि आपल्याकडचं क्षारवालं पाणी, बोर्डवर पांढरी बुरशी आल्यासारखं जमतं). मग कुणीतरी म्हटलं अडॅप्टर कमजोर असेल, नवा आणला, ९००. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासून लावल्या. विंडोज नवीन टाकलं, म्हणजे सगळे फॉन्ट, कोरलच्या सेटिंग, पुन्हा पहिल्यापासून. एका रिपेअरवाल्याने ३०० रुपये चेकिंगचे घेऊन सांगितलं मदरबोर्ड गेलाय. मी विचारलं गेला तर मग एवढा वेळ कसा चालतो, तर म्हणाला जाताजाता गेलाय.

खरं निदान केलं माझ्या आईने. संध्याकाळी आठला तिची मालिका सुरू होते, त्याच वेळेला जेवण आटोपून मी मशीन चालू करतो. तीन-चार दिवस तिने बघितलं असणार. साडेआठला शीर्षकगीत वाजलं, मी आतून वैतागून ओरडलो, तर ती म्हणते, "तुझी पण मालिका संपली का रे?" हसलो आणि मग हसता हसता थांबलो. रोज साडेआठलाच?

मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. पॉवर बटण दाबल्यापासून तीस मिनिटं आणि काही सेकंद. परत लावलं. तीस मिनिटं. तिसऱ्या वेळी मशीनवर काहीच उघडलं नाही, नुसता डेस्कटॉप, टेंपरेचर ५० च्या खाली, तरी तीस मिनिटं. मग म्हटलं विंडोजच मधून काढून टाकू. पहाटे पाचला उठून लॅपटॉप गच्चीवर नेला, त्या वेळेला त्यातल्या त्यात गार असतं, लांब दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) सेटिंगच्या निळ्या स्क्रीनवर तसाच उघडून ठेवला. ना विंडोज, ना ड्रायव्हर, ना कोरल, ना ऊन. साडेपाचला खट.

उन्हाला घड्याळ नसतं. एवढं काटेकोर बंद होतंय म्हणजे मशीनमध्येच कुणीतरी वेळ मोजतंय.

आणि तसंच निघालं. मी सॉकेट बघितलं, पिढी बघितली, वॅट बघितले, पण मदरबोर्डवरचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप, बघितला नाही. तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये साधारण एचएम७५, एचएम७६, एचएम७७ हे चिपसेट यायचे, आणि स्वस्तातल्या मॉडेलमध्ये एचएम७० यायचा. हा एचएम७० फक्त सेलेरॉन आणि पेंटियमसाठी काढलेला आहे. कोअर आय३, आय५, आय७ त्यावर अधिकृतपणे चालत नाहीत. गंमत अशी की सॉकेट तेच असल्यामुळे प्रोसेसर बसतो, बायोस ओळखतो, विंडोज चालतं, ग्राफिक्स ड्रायव्हर पडतो, सगळं गोड गोड. पण चिपसेटच्या आत मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक वेगळा छोटा कंट्रोलर असतो, त्याचं स्वतःचं फर्मवेअर बायोसच्याच चिपमध्ये असतं, आणि तो बघतो की या चिपसेटला न चालणारा प्रोसेसर बसवलाय, की तीस मिनिटांनी सरळ पॉवर कापतो. पास न चालणाऱ्या बसमध्ये पासवाला चढू द्यावा आणि पुढच्या स्टॉपला उतरवावा तसं. परत चालू केलं की पुन्हा नवीन तीस मिनिटं. म्हणून तर विंडोज टाकून, बायोसमध्ये थांबून, पेस्ट बदलून, कशानेच फरक पडत नव्हता.

तुमचा चिपसेट कुठला ते बघायला मशीन खोलायची गरज नाही. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मेनबोर्डच्या टॅबमध्ये साउथब्रिज म्हणून लिहिलेलं असतं. ते नको असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिस्टीम डिव्हायसेस उघडा, एलपीसी कंट्रोलर असं ज्या ओळीत लिहिलंय ती शोधा, त्यात चिपसेटचं नाव आणि शेवटी एक कोड असतो, १ई५ई असेल तर एचएम७०, १ई५९ असेल तर एचएम७६, १ई५७ असेल तर एचएम७७. ही दोन मिनिटांची गोष्ट मी आय५ मागवायच्या आधी केली असती तर हे सगळं रामायण झालंच नसतं. माझ्याकडे १ई५ई.

आता यावर उपाय काय, तर मनासारखा एकही नाही, खरं सांगतो. जुना पेंटियम परत बसवणं हा फुकटचा. एचएम७० ला चालणाऱ्यातला वरचा पेंटियम टाकणं, तर २०३०एम आहे, २.५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे माझ्यापेक्षा ०.१ ने जास्त, त्यासाठी लॅपटॉप खोलायचा पण कंटाळा. तिसरा म्हणजे चिपसेटच बदलणं. बीजीए मशीनवर (सोल्डर केलेल्या चिप काढायचं-बसवायचं मशीन) बोर्ड तापवून एचएम७० ची चिप उचलायची आणि एचएम७६ ची बसवायची, चिपवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, एचएम७० वर एसजेटीएनव्ही आणि एचएम७६ वर एसएलजे८ई. असं करणारे लोक आहेत आणि चांगला कारागीर असेल तर होतंही, पण तेरा वर्षांच्या बोर्डला एवढी आच द्यायची आणि मजुरी पण द्यायची, बोर्ड गेला तर गेला, मला हिशोब पटला नाही. चौथा, बायोसची चिप प्रोग्रॅमरने वाचून त्यातला मॅनेजमेंट इंजिनचा भाग छाटायचा, हे करायचं सॉफ्टवेअर मिळतं. पण चुकला की बोर्ड मेला, आणि रोजीरोटीच्या मशीनवर मी हा प्रयोग करणार नाही, हौसेचं मशीन असेल तर तुमची मर्जी, आधी मूळ बायोसची कॉपी काढून ठेवा म्हणजे झालं. पाचवा मला सगळ्यात बरा वाटतो. बऱ्याच कंपन्यांनी एकच बॉडी ठेवून स्वस्त मॉडेलला एचएम७० चा बोर्ड आणि वरच्या मॉडेलला एचएम७६ चा बोर्ड लावला होता. जुन्या लॅपटॉपच्या भंगारात तसा बोर्ड मिळाला तर तोच बदलायचा, फक्त ग्राफिक्स कार्डवाला आणि बिनकार्डवाला यात हीटसिंक वेगळा येतो, ते बघून घ्यायचं.

मला तसा बोर्ड मिळाला नाही. मी पेंटियम परत बसवला. लाज वाटली थोडी, पण बसवला.

मग तो आय५ वाया गेला का, तर नाही. मामेभावाकडे यावलला, केळीचा हिशोब ठेवायला, तशाच काळातला दुसरा लॅपटॉप होता आय३-३११०एम चा. आधी सीपीयू-झेड उघडून बघितलं, एचएम७६. आय३ काढून आय५ टाकला. पहिल्या दिवशी दोघं समोर बसलो, तीस मिनिटं झाली, एकतीस झाली, भाऊ विचारतो आता काय बघतोयस, म्हटलं काही नाही, बघू दे. चार तास चालला. अजूनही चालतोय. आय३ ला टर्बो नसतो त्यामुळे त्याला फरक बरा जाणवला, पण मनापासून सांगायचं तर फार मोठा नाही, दोन कोरचे दोन कोरच.

आणि माझ्या मशीनला शेवटी ज्याने जान आली ती गोष्ट वेगळीच. हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी टाकली, जुनी हार्ड डिस्क डीव्हीडी ड्राईव्हच्या जागी कॅडीत, म्हणजे त्या मापाच्या चौकटीत, बसवली (कॅडी घेताना जाडी मोजा, ९.५ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन येतात), आणि ४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या लावून रॅम ८ केली. दोन पट्ट्या अशासाठी की प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स मेन रॅमच वापरतं, रॅमचे दोन्ही चॅनल (डेटा जायचे रस्ते) चालू असले की त्याला पण खाद्य दुप्पट वेगाने मिळतं. कोरल आधी उघडायला लागला की मी पान खाऊन यायचो, आता बसल्याजागी उघडतो. झूम अजून तुकड्यांनीच उगवतं, पण तुकडे भराभर उगवतात. हे मी आधीच करायला हवं होतं, आणि तुमचा लॅपटॉप हार्ड डिस्कवर असेल तर प्रोसेसरचा विचार सुद्धा त्यानंतर करा.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाबद्दल बरेच जण विचारतात, थोडक्यात सांगतो. साध्या लॅपटॉपमध्ये ती चिप बोर्डवर सोल्डर असते, बदलता येत नाही. एमएक्सएम नावाचा स्लॉट असलेले लॅपटॉप असतात पण ते महागडे वर्कस्टेशनवाले किंवा गेमिंगवाले. बाकी वायफाय कार्डच्या जागी वायर लावून बाहेर डेस्कटॉपचं कार्ड जोडायचा एक जुगाड आहे, त्याला वेगळी एसएमपीएस (डेस्कटॉपची पॉवर सप्लाय) लागते, डेटाला एकच लेन मिळते म्हणजे सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास, काही कंपन्यांचं बायोस अनोळखी कार्ड दिसलं की बूटच होत नाही, आणि शेवटी टेबलावर असा पसारा होतो की त्यापेक्षा जुना डेस्कटॉप घेतलेला परवडला.

तुमचं मशीन बंद पडत असेल तर आधी घड्याळ लावा, बाकी सगळं नंतर. दरवेळी वेगळ्या वेळाने पडतंय आणि पडायच्या आधी पंखा ओरडतोय तर ती गरमी आहे, रुई-धूळ काढा, पेस्ट बदला, आणि ३५ वॅटच्या हीटसिंकवर ४५ वॅटचा क्वाडकोर बसवला असेल, जसा आय७-३६१०क्यूएम, तर तो जड जाणारच, तिथे ३५ वॅटचा आय७-३६३२क्यूएम शोधायचा, तोही पिनवाला आहे ना हे फोटोत बघून, कारण तोच नंबर सोल्डरवाल्या प्रकारात पण येतो. अडॅप्टर काढताक्षणी पडत असेल तर बॅटरी. फुल्ल लोड आला की लगेच पडत असेल तर अडॅप्टर. बरोबर तीस मिनिटांनी 'झोपत' असेल आणि बटण दाबल्यावर उघडलेल्या फाईलसकट जागं होत असेल तर ती विंडोजची स्लीप सेटिंग आहे, त्यात खर्च करू नका, हसू नका, असाही एक जण माझ्याकडे येऊन गेलाय. आणि बरोबर तीस मिनिटांनी ठार बंद, बायोसमध्ये बसूनसुद्धा, तर चिपसेट बघा. चिपसेट एचएम७६ असून तसं होतंय तर विचारा की नुकतं कुणी बायोस फ्लॅश केलंय, म्हणजे नव्याने लिहिलंय का, कारण मॅनेजमेंट इंजिनचा भाग खराब झाला किंवा चुकीचा लिहिला गेला तरी हाच तीस मिनिटांचा खेळ सुरू होतो, मग त्याच मॉडेलचं चांगलं बायोस परत लिहावं लागतं.

प्रोसेसर बदलायचाच असेल तर जुना काढायच्या आधी, जुन्यावरच चालू असताना, कंपनीचं शेवटचं बायोस टाकून घ्या. दुसऱ्या पिढीच्या एचएम६५ वाल्या बोर्डवर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बायोसने साथ दिली तरच चालतो, नाहीतर काळी स्क्रीन. आणि विंडोज ११ मिळेल या आशेने कुणी आय५ टाकत असेल तर नका टाकू, ते अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे, आपली तिसरी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मी या मशीनवरून बँकेचं काही करत नाही, ते मोबाईलवर. नेट फक्त फोटो उतरवून घ्यायला लावतो.

श्रावणात कानबाईच्या (आमच्या खानदेशातला सण) फ्लेक्सचं काम याच पेंटियमवर केलं, आठ बाय बाराचे चार. मधे लाईट गेली दोनदा, बॅटरीवर चालला. आईची मालिका साडेआठला संपली तेव्हा मी तिसऱ्या फ्लेक्सवर होतो, ती दारात येऊन बघून गेली.

नव्या अडॅप्टरचे ९०० मात्र वाया गेले नाहीत, जुन्याची वायर नंतर उंदराने कुरतडली.